एका थेंबासाठी तीन दरपत्रकं

भाऊसाहेबांनी सासऱ्यांना गुहा दाखवायचं कबूल केलं ते डोळ्यांच्या दवाखान्यात, आणि तिथेच त्यांचं पहिलं पाऊल चुकलं. दवाखान्यात शहाण्या माणसाने आपली छत्री आणि आपला नंबर एवढंच सांभाळावं, वचनं देण्याची ती जागा नव्हे. पण डॉक्टरांनी नुकतंच सांगून टाकलं होतं, की मास्तरांचा, म्हणजे सासऱ्यांचा, उजवा डोळा गेल्यातच जमा आहे, डावाही काचबिंदूने कडेकडेने खात आणलाय, गेलेली नजर परत येत नसते आणि उरलेली किती दिवस पुरेल हे कुणी सांगू शकत नाही. मुलीने तोंड फिरवलं. मास्तर मात्र घंटा व्हायच्या आत उरलेला धडा आटपायला घ्यावा तशा आवाजात म्हणाले, "मग तेवढ्या वेळात गुहा बघून घेतो म्हणतो."

"त्यात काय, मी दाखवतो," भाऊसाहेब बोलून गेले. बायकोने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं तशी नजर त्यांच्या वाट्याला लग्नानंतर फारशी आली नव्हती. त्या आनंदात ते छत्री तिथेच विसरून आले.

मास्तरांनी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली. चुनखडीच्या गुहांचा धडा ते असा रंगवत, की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा तेवढ्यापुरती जागी राहत. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिच्यातला वायू घेतं आणि किंचित आंबट होतं, चुनखडीच्या भेगांत शिरून दगड विरघळवत नेतं, आत पोकळी पडते. मग त्याच पाण्याचा थेंब छताला लोंबकळतो, वायू सोडून देतो, चुन्याचा एक कण मागे ठेवतो आणि पडतो. छताला साचत साचत खाली वाढतो तो अधोमुखी स्तंभ, जमिनीवर साचून वर चढतो तो ऊर्ध्वमुखी. परीक्षेत निम्मी मुलं ही दोन नावं उलटी लिहीत, तरी मास्तर त्यांना अर्धे गुण देत, कारण थेंब बरोबर दिशेने पडलेला असे. "गुहा म्हणजे दगड नव्हे रे, गुहा म्हणजे थेंब," हे त्यांचं लाडकं वाक्य. स्वतः त्यांनी गुहा कधीच पाहिली नव्हती. शाळेची सहल दर वर्षी धरणावर जायची, कारण मुख्याध्यापकांचे मेव्हणे तिथे कामाला होते. आता त्यांना गुहेतलं बाकी काही नको होतं. टोकाला लटकलेला, अजून न पडलेला एक थेंब त्यांना आपल्या डोळ्यांनी बघायचा होता.

हे काम दुसऱ्या कुणी अंगावर घेतलं असतं तर गाडी बोलावून, डबा भरून आठवड्याभरात उरकून टाकलं असतं. पण भाऊसाहेब नगरपालिकेच्या खरेदी विभागात मुख्य लिपिक होते. तिथे तीन दरपत्रकं आल्याशिवाय झाडूसुद्धा घेत नाहीत, आणि हा नियम भाऊसाहेबांच्या हाडीमासी खिळला होता. घरातला पंखा, गादी, दाढांचा डॉक्टर, सगळं तिनांतून एक निवडलेलं. लग्नाआधी त्यांनी तीन मुली पाहिल्या होत्या, आणि तो तुलनात्मक तक्ता कुठे ठेवलाय हे बायको अजूनही अधूनमधून विचारते. एकदा स्वयंपाकघरातला नळ फुटला तेव्हा तिसऱ्या प्लंबरचा दर येईपर्यंत घरची मंडळी खुर्च्यांवर पाय घेऊन बसली होती. भाऊसाहेब कंजूष होते असं मात्र कुणी म्हणू नये. घाईत केलेल्या गोष्टीचा माणसाला जन्मभर पश्चात्ताप होतो, एवढीच त्यांची भीती होती.

त्यांच्या खात्यात मालाचं वर्णन नीट कळल्याशिवाय मागणी नोंदवत नाहीत. तेव्हा गुहा म्हणजे नेमकं काय ते त्यांनी आधी समजून घ्यायचं ठरवलं. मास्तरांनाही पुष्कळ दिवसांनी विद्यार्थी मिळाला होता. त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन पेल्यांत धुण्याचा सोडा विरघळवला, दोघांच्या मध्ये लोकरीचा धागा झोल देऊन सोडला आणि झोलाखाली बशी ठेवली. दोन-तीन दिवसांत धाग्याला पांढरं टोक फुटलं आणि तेवढंच एक बशीतूनही वर येऊ लागलं. भाऊसाहेब थक्क झाले. मास्तर मुलीला सारखं विचारायचे, "टोक वाढलं का गं?" आणि तिने हो म्हटलं तरी बोटाने चाचपून बघायचे. त्याचा अर्थ तेव्हाच कुणीतरी लावायला हवा होता. पण अशाच एका दुपारी भाऊसाहेब ऑफिसातून घामाघूम होऊन आले आणि समोर दिसला तो पेला सरबत समजून त्यांनी घशाखाली ओतला. पुढचा सगळा वेळ वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई त्यांच्या उशाशी बसून होत्या आणि भाऊसाहेब बादलीशी. बायको एवढंच म्हणाली, की बाबांची गुहा तुम्ही प्यालात, आता खरी तरी लवकर दाखवा.

नर्सबाई बादलीच्या निमित्ताने आत आल्या त्या सल्ले देऊनच बाहेर पडल्या. म्हातारी छाती आहे, गुहेत हवा कोंदट असते, तर थंडीतच न्या, असं त्यांचं म्हणणं. तळमजल्यावर एक विमावाले राहत. माणूस भेटला की ते आधी त्याचं वय मनात मोजत आणि मग नमस्कार करत. त्यांचं म्हणणं, ऐन उन्हाळ्यात जा, गुहा कोरडी असते, पाय घसरत नाही. वर त्यांनी गुहेत घसरून गेलेल्या आपल्या दोन ग्राहकांच्या हकिकती तब्येतीत सांगितल्या, वारसांना पैसे किती वेळात मिळाले त्यासकट. आता मतं दोन झाली आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. नियमाप्रमाणे तिसरं मत घेणं आलं. ते समोरच्या व्यायामशाळेतल्या वस्तादांनी दिलं. महिना कुठलाही चालेल, पण गुहेत रांगावं लागतं, आणि भाऊसाहेबांचं पोट पाहता त्यांनी आजपासून सराव केलेला बरा. त्यानंतर रोज संध्याकाळी भाऊसाहेब जेवणाच्या टेबलाखालून रांगत जाऊ लागले. एकदा तर ऑफिसचे साहेब घरी आले तेव्हा त्यांनी टेबलाखालूनच "या, बसा" म्हटलं. साहेब बसले नाहीत.

गाडीची तीन दरपत्रकं मागवली होती. दोन वेळेवर आली. तिसरा गाडीवाला म्हणाला, जायचं कधी ते सांगा, मी उभा राहतो, कागद कसले मागता. भाऊसाहेबांना हा उद्धटपणा वाटला. त्यांनी सगळी प्रक्रिया रद्द करून नव्याने सुरू केली. तेवढ्यात थंडी संपली.

मग परवान्याचं प्रकरण उपटलं. गुहेच्या वरची टेकडी एका खात्याची होती आणि आतली पोकळी दुसऱ्या खात्याची. टेकडीवाले म्हणत, तुम्हाला आत जायचंय, आमचा संबंध नाही. पोकळीवाले म्हणत, आमच्या पोकळीत या की खुशाल, पण आधी टेकडीवरून चालत येणार ना, तर त्यांची संमती आणा. भाऊसाहेबांना खरं तर दोन्हीकडे आपल्या माहेरी आल्यासारखं वाटायला हवं होतं, पण टेबलाच्या या बाजूला बसण्याची त्यांना सवय नव्हती. एका तरुण कारकुनाने त्यांना "आजोबा, रांगेत उभे राहा" म्हटलं, तेव्हा त्यांचा चेहरा इतका पडला की त्या पोराने स्वतःची खुर्ची देऊ केली. त्याने तर ते आणखीच खचले. शेवटी परवाना निघाला तो दोघांचाच, आणि त्यातल्या वयस्कर माणसाने डॉक्टरांचा दाखला आणावा अशी अट घालून.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी असा दाखला द्यायला साफ नकार दिला. तपासणी झाल्यावर ते भाऊसाहेबांना बाजूला घेऊन म्हणाले, की डाव्या डोळ्यातही आता फारसं काही उरलेलं नाही. त्या दिवशी घरी कुणी जेवलं नाही. भाऊसाहेब दुसऱ्या डॉक्टरांचा विचार करत होते, तिसऱ्यांचंही नाव त्यांच्या डोक्यात होतं. तेव्हा बायको त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबांचा डोळा तुमच्या दरपत्रकांसाठी थांबायचा नाही," ती म्हणाली. "तुम्ही कबूल केलं नसतंत तर मीच त्यांना पहिल्याच आठवड्यात घेऊन गेले असते. तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त राहिले."

भाऊसाहेबांना रागाची सवय होती. या वाक्यात राग नव्हता, म्हणून ते त्यांना झोंबलं. त्यांनी सकाळी कोपऱ्यावरच्या साध्या डॉक्टरांकडून, त्याच एकाकडून, "चालण्यास व चढण्यास योग्य" असा दाखला घेतला. डोळ्यांबद्दल डॉक्टरांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. मग त्या उद्धट गाडीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, सगळे बसा, निघू.

वाटेत मास्तर खिडकीशी बसले होते. मुलगी बाहेरचं काही दाखवायची, ते मान हलवायचे. एकदा तिने डावीकडच्या तळ्याकडे बोट केलं आणि त्यांनी उजवीकडे बघून "वा" म्हटलं. भाऊसाहेबांनी ते पाहिलं आणि लगेच गाडीवाल्याशी टायरांवर बोलायला सुरुवात केली.

गुहेच्या तोंडाशी पत्र्याची एक कचेरी होती. आतल्या माणसाने दाखला उलटसुलट करून पाहिला आणि म्हाताऱ्याला दिसतं का असं विचारलं. भाऊसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मास्तर मात्र ताठ उभे राहिले.

"समोरचा फलक वाचून दाखवा मग," तो माणूस म्हणाला.

मास्तरांनी घसा साफ केला आणि खड्या आवाजात वाचलं. गुहेत थुंकू नये. भिंतींवर नावे कोरू नयेत. स्तंभांना हात लावू नये. मुलांना एकटे सोडू नये. मार्गदर्शकाच्या सूचना पाळाव्यात. माणूस खूश झाला आणि त्याने शिक्का मारला. भाऊसाहेबांनी फलकाकडे पाहिलं. त्याच्यावरच्या रंगाचे उन्हाने पोपडे निघाले होते, मुलांबद्दलचं वाक्य तिथे कुठेच नव्हतं आणि निम्मी अक्षरं तर त्यांना स्वतःलाही लागत नव्हती. असला फलक जगात कुठेही गेलं तरी सारखाच असणार, हे मास्तरांना माहीत होतं. कचेरीतल्या माणसाने तो कधी वाचलाच नव्हता. म्हणजे मास्तरांनी काहीच वाचलं नव्हतं, हे भाऊसाहेबांना कळलं. तरी त्यांनी स्वतःला समजावलं की जवळचं दिसत असेल, थेंब काही फलकाएवढा लांब नसतो.

बायको गाडीपाशी थांबली. दोघांना डोक्यावर पत्र्याच्या टोप्या मिळाल्या. भाऊसाहेबांची त्यांच्या डोक्यावर नुसती टेकली होती, डब्यावर चुकीचं झाकण ठेवावं तशी. पुढे हातात दिवा घेऊन वाटाड्या चालला. त्याचं सगळं ज्ञान प्राण्यांचं होतं. हा बघा हत्ती, ही मगर, हे झोपलेलं अस्वल, हे त्याचं पिल्लू. मास्तर अस्वलापर्यंत गप्प राहिले. मग त्यांनी शांतपणे विचारलं की इथे खडकाचे थर आडवे आहेत की कलते. वाटाड्या म्हणाला, थरांचं माहीत नाही, पण पुढे एक मोर आहे.

मोराच्या अलीकडे वाट अरुंद झाली आणि रांगणं आलं. टेबलाखालचा सगळा सराव इथे उपयोगी पडायचा होता. पण टेबल खालून सपाट असतं, गुहा नसते. भाऊसाहेब खांद्यांपर्यंत गेले, पोटापर्यंत गेले आणि तिथे अडकले. पुढे वाटाड्या ओढत होता, मागे मास्तर होते. अशा प्रसंगी माणसाला आपली जी बाजू सासऱ्यांसमोर येऊ नये असं वाटतं, नेमकी तीच मास्तरांच्या तोंडासमोर होती. "श्वास पूर्ण सोडा," मागून सूचना आली, "आणि विचार करू नका." भाऊसाहेबांनी श्वास सोडला. शर्टाची बटणं आणि जी काही प्रतिष्ठा उरली होती ती तिथेच ठेवून ते पलीकडे पडले. मास्तर त्यांच्यामागून हाताने चाचपत, सहज आले. एवढ्या चपळाईने रांगणाऱ्या माणसाने समोरच्या दिव्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

मग मोठं दालन लागलं. वाटाड्याने दिवा उंच केला. छतापासून लोंबणारे असंख्य दगडी सोट, खालून त्यांना भेटायला निघालेले खुंट, काही जुळून खांब झालेले, हे सगळं भाऊसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ओट्यावरच्या धाग्याचं टोक त्यांना आठवलं आणि अंगावर काटा आला. ज्याला हे दाखवायचं होतं त्याच्याकडे त्यांनी वळून पाहिलं. मास्तरांचे डोळे उघडे होते आणि रोख दालनाकडे नव्हता. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

भाऊसाहेबांनी त्यांचे खांदे धरून त्यांना वळवलं. मास्तरांनी वळवून घेतलं.

"एखादा खाली आलेला आहे का, हाताच्या उंचीवर?" मास्तरांनी विचारलं.

होता. भाऊसाहेबांनी त्यांना त्याच्याखाली नेऊन उभं केलं आणि वर पाहिलं. टोक सुकं होतं. शेजारचंही सुकं. सगळं दालन वाळलेल्या हाडासारखं पडलं होतं. त्यांनी वाटाड्याला खुणेने विचारलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "टेकडीच्या मागे खाण निघालीय साहेब. तिच्या पंपांनी सगळं पाणी ओढलं. थंडीत यायला हवं होतंत, तेव्हा टपटप चालू होती."

थंडीत तिसऱ्या गाडीवाल्याकडून कागद आला नव्हता. भाऊसाहेबांना एकदम इतकी लाज वाटली, की त्यांना वाटलं आपण त्या बिळातच अडकून राहिलो असतो तर बरं झालं असतं.

"टोकाला थेंब आहे का, जावईबापू?"

"आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"केवढा?"

"मसुराच्या दाण्याएवढा."

"हलतो का?"

"हलतोय. पण पडत नाहीये."

मास्तर हसले. बऱ्याच दिवसांत ते असे हसले नव्हते. त्यांनी तळहात पुढे केला आणि म्हणाले की मी थांबतो, पडू दे त्याचा तो. वाटाड्या घाई करू लागला, त्याला पुढच्या मंडळींना मगर दाखवायची होती. मास्तरांचा हात खाली येत नव्हता. तो हात असा रिकामा परत गेलेला भाऊसाहेबांना बघवला नसता. त्यांच्या खांद्याला पाण्याची बाटली होती. त्यांनी आवाज न करता झाकण फिरवलं, त्यात जरा पाणी घेतलं आणि बोट बुडवून त्या तळहातावर एक थेंब सोडला.

मास्तरांनी मूठ मिटली. मग मूठ तोंडाशी नेऊन त्यांनी जिभेचं टोक लावलं.

"चुन्याची चव नाही," ते म्हणाले. "हे घरचं पाणी आहे."

भाऊसाहेबांच्या हातात झाकण तसंच राहिलं. वाटाड्याने उगाचच दिवा दुसरीकडे फिरवला.

"कधीपासून दिसत नाही?" भाऊसाहेबांनी विचारलं. आवाज त्यांना आपला वाटला नाही.

"टेकडीवाल्यांकडे चकरा चालू होत्या तुमच्या, तेव्हापासून. पोरीला म्हटलं नाही. तुम्ही एवढे राबत होतात, सांगितलं असतं तर सहल रद्द केली असतीत." मास्तरांनी ओला हात शर्टाला पुसला. "इथे थेंब नाहीच का?"

"नाही. खाणीने पाणी नेलं. थंडीत होतं." भाऊसाहेब थांबले. पुढचं वाक्य त्यांनी कुणालाही न विचारता, स्वतःच्या जबाबदारीवर म्हटलं. "उशीर माझ्यामुळे झाला."

"हो," मास्तर म्हणाले. "तुमच्यामुळेच झाला."

यापुढे ते काहीतरी समजुतीचं बोलतील असं भाऊसाहेबांना वाटलं होतं. माणूस बोलतो तसं. मास्तर बोलले नाहीत. त्यांनी हाताने चाचपून एक खडक शोधला, त्याच्यावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. भाऊसाहेबांचे डोळे भरून आले, आणि ते पुसायचीही गरज नव्हती, कारण बघणारं कुणी नव्हतं.

"मी जन्मभर पोरांना ही गुहा न बघता सांगितली," मास्तर म्हणाले. "तुम्ही बघून सांगा. पण खरी सांगा. सुकी असेल तर सुकी, फुटकी असेल तर फुटकी, नावं कोरलेली असतील तर तीही वाचा. मोर आणि अस्वल नकोत."

वाटाड्या म्हणाला की वेळ झाली, पुढची मंडळी खोळंबलीत. भाऊसाहेबांनी त्याच्या हातातून दिवा काढून घेतला. हे त्यांनी कसं केलं ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. वाटाड्याही बाजूला जाऊन उकिडवा बसला.

"कुठून सुरू करू?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"छतापासून. डाव्या कोपऱ्यातून," मास्तर म्हणाले. "आणि आता घाई करू नका."

भाऊसाहेबांनी दिवा वर धरला आणि डाव्या कोपऱ्यापासून सांगायला सुरुवात केली.